शरच्चंद्र गैरहजर

पिंपळखुटी खाण,
१२ जानेवारी १९५४

चिरंजीव रामाजी,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे, आणि वरोड्याच्या स्टेशनावर चारचौघांत रडलास त्याबद्दल एक धपाटाही घे. चिमूरच्या शाळेतला मास्तर, तीन लेकरांचा बाप, आणि बहीण नोकरीला निघाली तर डोळ्यांना उपरणं. लोकांना वाटलं असेल, बाई काळ्या पाण्यावर चालली.

मी सुखरूप पोचले. माजरी स्टेशनावर कंपनीची बैलगाडी आली होती. मला वेगळी खोली दिली आहे, विटांची, वर कौलं, दारावर नंबर. नवऱ्यामागे आठ वर्षं तुझ्या घरी राहिले. चंदानं एकदाही कपाळाला आठी घातली नाही. तरी स्वतःच्या खोलीची किल्ली कमरेला लागली की बाईमाणूस जरा ताठ चालतं, हे तुला सांगायला हवं.

पाळणाघर चांगलं आहे. पांढऱ्या भिंती, सहा पाळणे, बाहेर निळ्या अक्षरांत पाटी. खाणीच्या तोंडाशी साठेक बाया कोळशातला दगड वेचतात, त्यांची सहा वर्षांच्या आतली मुलं सांभाळायची. नागपूरला सुईणीचं शिक्षण घेतलं ते अखेर कामी आलं. मुलं गुणी आहेत.

चंदाला सांग, कोहळ्याच्या वड्या वाटेत फुटल्या नाहीत.

तुझी बाई,
रुखमा

*

चिमूर,
२४ जानेवारी १९५४

तीर्थरूप बाई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. मी रडलो नव्हतो, इंजिनाचा कोळसा डोळ्यात गेला होता. खाणीवर राहणाऱ्या बाईनं एवढं समजून घ्यावं.

तुझं पत्र मी शाळेत वाचून दाखवलं. मग चावडीवर. मग इस्तारी न्हाव्याकडे हजामतीला गेलो तेव्हा तिथेही, त्याला दाढी अर्धी ठेवून ऐकावं लागलं. तो म्हणाला, "गुरुजी, आपल्या गावची बाई सरकारी कायद्याच्या जागेवर बसली, हे लहान काम नाई." बेचाळीसला बाबा तुरुंगात गेले तेव्हा लोक आपल्याकडे जसे बघत होते, तसे आता पुन्हा बघून राहिले आहेत. मला फार अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

चंदा तुझ्या मुलांसाठी झबली आणि टोपडी शिवून राहिली आहे. प्रत्येकावर लाल दोऱ्यानं नाव काढायचं म्हणते. तेव्हा नावं कळव. कोणतं पोर खोडकर, कोणतं मऊ, तेही लिही. मागच्या पत्रात तू पाळण्यांची संख्या लिहिलीस, पोरांबद्दल एकच ओळ. तुझ्या स्वभावाला हे धरून नाही.

रामाजी

*

पिंपळखुटी खाण,
६ फेब्रुवारी १९५४

चिरंजीव रामाजी,

आशीर्वाद. कामाच्या घाईत आहे, थोडक्यात लिहिते. मॅनेजरसाहेबांकडे नागपूरचे पाहुणे आले होते. त्यांना पाटोडीचा रस्सा फारच आवडला.

नावं हवीत ना, घे. सुरेंद्र, अरविंद, नलिनी, शरच्चंद्र, कुमुदिनी, प्रभाकर. इतकी पुरेत. चंदानं डोळे फोडून घेऊ नयेत, साधी झबली पाठवली तरी चालतील. किंवा पाठवूच नका, इथे कंपनी सगळं देते.

पत्रं चावडीवर वाचत जाऊ नकोस.

रुखमा

*

चिमूर,
१५ फेब्रुवारी १९५४

तीर्थरूप बाई,

नमस्कार. हे पत्र मी कोणालाही वाचून दाखवलेलं नाही, चंदालासुद्धा.

माझ्या शाळेच्या पटावर एकशे सहा मुलं आहेत. रोज सकाळी मी त्यांची नावं घेतो. त्यात पत्रू आहे, इसरू आहे, दोन डोमा आहेत, चैतू तर चार आहेत. मालगुजाराच्या घरचा एक प्रभाकर आहे. शरच्चंद्र एकही नाही. चिमूरच्या भर गावात जो सापडत नाही तो कोळसा वेचणाऱ्या बाईच्या झोळीत कुठून आला, हे मला उमगत नाही. तू इतकी वर्षं या भागात बाळंतपणं केलीस. तूच सांग, किती कुमुदिनी तुझ्या हातून जन्मल्या?

आणि साहेबाच्या पाहुण्यांचा पाटोडीचा रस्सा पाळणाबाईनं काऊन करावा?

बाई, तू लहानपणी मला मारलंस, माझ्या वाटचा गूळ खाल्लास, पण खोटं कधी बोलली नाहीस. काय आहे ते लिही.

रामाजी

*

पिंपळखुटी खाण,
३ मार्च १९५४

रामा,

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. लाज वाटत होती.

पाटी आहे, भिंती आहेत, सहा पाळणेही आहेत, एकावर एक रचलेले. त्यांच्यासमोर सिमेंटची पोती आणि साहेबाच्या मोटारीची जुनी चाकं. खोलीला कुलूप असतं आणि किल्ली कारकुनाकडे. मी आल्यापासून एकही मूल आत गेलेलं नाही. मी साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाक करते. पहिल्या दिवशी म्हणाले, आचारी पळाला आहे, दोन दिवस सांभाळा. ते दोन दिवस अजून चालू आहेत.

याहून वाईट पुढे आहे. कायद्यानं पाळणाघराचा हजेरीपट ठेवावा लागतो. कारकून बाहेरगावचा, त्यानं मनाला येतील ती नावं सांगितली, बत्तीस. मी लिहून घेतली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणाला, आणि रामा, मला त्याचं बरंही वाटलं. रोज संध्याकाळी मी त्या बत्तीस मुलांपुढे हजर, हजर असं लिहिते. तू चावडीवर ज्या बाईचा अभिमान मिरवलास ती ही.

तुझं पत्र आलं त्या दुपारी मी बंगल्यावर गेले नाही. बाया काम करतात तिथे गेले. खरी मुलं तिथेच आहेत. लोखंडी चाळण्या खडखडतात, त्यांच्या मागे दोन बाभळी आहेत, त्यांना गोणपाटाच्या झोळ्या टांगलेल्या. अंगावर काळी भुकटी. एवढी मुलं आणि एकाचाही आवाज नाही. मी एका झोळीतल्या पोराची पापणी उचलून पाहिली तेव्हा कळलं. त्याच्या आईला, मैनेला विचारलं, किती देतेस? तिनं नखाचं टोक दाखवलं.

"अफू देल्ल्याशिवाय निजत नाई बाई. रडलं का मी उठतो, अन् उठलं का मुकादम हजेरी कापते. मंग काय करू?"

पोर दहा महिन्यांचं, वजनानं चारचं वाटतं. तीन मुलं गेल्यावरचं हे चौथं. म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवलं आहे, झिंगू. कोणाच्या डोळ्यात भरू नये, काळाच्याही, म्हणून असली नावं. तुला मी वेगळं सांगायला नको, आपल्या धाकट्या काकाचं नाव केरबा का होतं ते तुला ठाऊक आहे.

मी काय करू ते मला कळत नाही. बोलले तर नोकरी जाईल, खोलीची किल्ली जाईल. नाही बोलले तर त्या झोळ्या तशाच राहतील. बाबांचं नाव काढून मला लाजवू नकोस, ते काम मी स्वतःच करते आहे.

रुखमा

*

चिमूर,
१४ मार्च १९५४

तीर्थरूप बाई,

रविवारी वरोड्याला गेलो. माझा जुना सोबती गुणवंतराव तिथे वकिली करतो. त्याच्याकडे खाणींच्या पाळणाघरांचे नियम आहेत, सन सेहेचाळीसचे, इंग्रजीत. त्यानं सांगितले, मी मराठीत उतरवून घेतले. चार पानं सोबत आहेत. अक्षर तुझ्याइतकं चांगलं नाही.

थोडक्यात असं, की जिथे बाया खाणीवर काम करतात तिथे मालकानं त्यांच्या लहान मुलांसाठी खोली ठेवलीच पाहिजे. स्वच्छ, हवेशीर. दूध द्यायचं, धुतलेले कपडे द्यायचे, शिकलेली बाई नेमायची. आणि अंगावर पिणारं मूल असेल तर त्याला पाजायला आईनं कामातून उठून यायचं, मालकानं तिला अडवायचं नाही. गुणवंतराव म्हणतो, यात मेहेरबानी कुठेच नाही. खोली त्या बायांचीच आहे, कंपनी तिच्यात परवानगीशिवाय सिमेंट ठेवून राहिली आहे.

खाणनिरीक्षकाकडे अर्ज करता येतो. करायचा की नाही ते तू ठरव. मी काही केलेलं नाही.

नोकरी गेली तर घर आहेच. चंदाचा तसा निरोप आहे, आणि तो तिनं दोनदा सांगितला.

रामाजी

*

पिंपळखुटी खाण,
११ एप्रिल १९५४

रामाजी,

"मी काही केलेलं नाही" म्हणे. पाचवीत शाई सांडून हेच म्हणाला होतास.

बावीस तारखेला खाणनिरीक्षक येतो आहे. साहेबाला तारीख आधीच कळली, आणि कोणीतरी अर्ज केल्याचंही. कोणी केला ते त्याला माहीत नाही. मला आहे. रामा, अर्ज करायला माझी ना नव्हती. पण खोली माझी, नोकरी माझी, खोटं लिहिलं तो हात माझा. माझ्या तोंडचा शब्द काढून घेऊन तू बोललास, याचा मला राग आला आहे आणि तो लवकर जायचा नाही.

मी माझ्या पद्धतीनं चालले होते. तुझी चार पानं मी रोज दुपारच्या सुट्टीत पंपाजवळ बायांना वाचून दाखवते. पहिल्या दिवशी तिघी आल्या, आता वीसेक येतात. पाजायला उठायचं कलम त्यांनी मला सात वेळा वाचायला लावलं. कुंता म्हणून एक म्हातारी आहे, नातवाला घेऊन येते. ती म्हणाली, "बाई, कागदावर लिवलं हाय त मुकादमाले काऊन नाई ठाऊक?"

पण एका गोष्टीवर त्या अडल्या आहेत. मुलं खोलीत ठेवू म्हणतात, नावं लिहू देणार नाहीत. मैनेनं हात जोडले. "पयल्या तिघाइची नावं दवाखान्याच्या बुकात लिवली होती, तिघंबी गेले. याचं नाव बुकात नको. नाव लिवलं का त्याचा पत्ता लागते." मी तिला शब्द दिला, तिच्या तोंडून नाव आल्याशिवाय मी लिहिणार नाही. इतर बायांनीही तोच शब्द घेतला. आता नाव नसेल तर मूल नाही, आणि मूल नसेल तर खोली कशाला, असं साहेब म्हणेल. मी दोन्हीकडून बांधली गेले आहे.

काल खोलीतली पोती निघाली. चुना लागला. बावीसला बायांनी मुलं आणून बसवायची, प्रत्येकीला बत्ताशे मिळणार, आणि मी पटावरून हजेरी घ्यायची. साहेब म्हणाले, "नीट झालं तर तुमचं कल्याण आहे, नाही तर स्टेशन चार मैलांवर आहे."

येऊ नकोस. हे माझं मला करू दे.

रुखमा

*

पिंपळखुटी खाण,
२३ एप्रिल १९५४

चिरंजीव रामाजी,

राग गेला. का गेला ते सावकाश सांगते, मध्येच पान उलटू नकोस.

निरीक्षक काल नऊ वाजता आले. उंच, सावळे, कमी बोलणारे. खोलीत तीसेक मुलं बसवली होती, त्यांच्या आया भिंतीला टेकून. दाराशी साहेब, कारकून आणि मुकादम. मुलांना त्या दिवशी अफू देऊ नका असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणून खोलीत जो काही गोंधळ माजला होता तो विचारू नकोस. एकानं निरीक्षकांच्या बुटावर कार्यक्रम उरकला.

मला पट दिला. मी उभी राहिले आणि वाचायला लागले. सुरेंद्र. कोणी बोललं नाही. अरविंद. नलिनी. कुमुदिनी. बाया एकमेकींकडे बघतात. शरच्चंद्र म्हटल्यावर कुंता शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "हा कोण व? ठेकेदार हाय का?"

बाया हसल्या. निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, यातला शरच्चंद्र कोणता? साहेब काही बोलणार तेवढ्यात मी पट मिटला. मी म्हटलं, "साहेब, या नावाचं मूल इथे नाही. या बत्तिसांतलं एकही नाही. ही नावं मी लिहिली, अक्षर माझं आहे, रोजची हजेरीही माझीच. ही खोली दहा तारखेपर्यंत सिमेंटची कोठी होती आणि मी बंगल्यावर पोळ्या करत होते."

निरीक्षक म्हणाले, खोटा पट लिहिणं हा गुन्हा आहे, माहीत आहे? मी हो म्हटलं. मग म्हणाले, "बरं. या मुलांची खरी नावं सांगा. ती माझ्या कागदावर आली तर खोली कायम उघडी ठेवण्याचा हुकूम देता येईल. नावं नसली तर मी कोणासाठी हुकूम लिहू?"

आणि मी गप्प राहिले. मला सगळी नावं पाठ होती, रामा. एका महिन्यात कोणाला खोकला आहे, कोणाचा दात आला, सगळं पाठ. पण शब्द दिला होता. साहेबाच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. मला वाटलं, गेलं सगळं, आणि माझ्याच तोंडानं गेलं.

तेव्हा मैना भिंतीपासून सुटली. ही बाई मुकादमाशी बोलताना कधी मान वर करत नाही. झिंगू काखेत, पदर कोळशानं काळा. निरीक्षकांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"लिवा साहेब. झिंगू. मायचं नाव मैना. पहिले तिघं बुकात गेले, पण त्याइच्यासाठी कोणी खोली नाई उघडली. हा खोलीत जाईन. लिवा."

निरीक्षकांनी लिहिलं. तिनं ते कागदावर कुठे लिहिलं ते बोटानं दाखवायला लावलं, आणि तिथंच उभी राहिली. मग कुंता आली. "कोलू. बाप डोमा." मग पत्रू, मग इसरू, मग चैतू. रांग दारापर्यंत गेली. साहेबाला बाजूला व्हावं लागलं. एकोणतीस नावं झाली. शेवटी निरीक्षकांनी माझा जबाब घेतला, त्यात माझा गुन्हाही लिहिला, आणि मी माझ्या चांगल्या अक्षरात खाली सही केली.

आज आणि उद्या काय होईल ते माहीत नाही. मी माझ्या खोलीतलं सामान बांधून ठेवलं आहे. पण आज मी ताठ चालले, आणि किल्ली कमरेला नव्हती, उशाखाली विसरले होते.

तुझी बाई,
रुखमा

*

चिमूर,
२ मे १९५४

तीर्थरूप बाई,

तुला न विचारता अर्ज केला, ही माझी चूक. मी समजत होतो की तुला धीर द्यावा लागेल. तुला मी पस्तीस वर्षं ओळखतो आणि तरीही असं समजलो.

पत्र चावडीवर वाचलेलं नाही. चंदाला वाचून दाखवलं. ती ऐकून उठली, झबल्यावरचं 'शरच्चंद्र' दोरा न दोरा उसवलं आणि 'झिंगू' काढायला बसली. दोन अक्षरांची बचत झाली म्हणते. मी मात्र शाळेच्या मागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो, आणि तिथे इंजिन नव्हतं.

पुढे काय झालं ते लगेच कळव. गाडी घेऊन यायचं असेल तर एका तारेवर निघतो.

रामाजी

*

पिंपळखुटी खाण,
२० जून १९५४

चिरंजीव रामाजी,

गाडी आणू नकोस. सामान सोडलं.

निरीक्षकांचा लेखी हुकूम आला. खोट्या पटाबद्दल कंपनीला जाब विचारला आहे, मला लेखी ताकीद दिली आहे. ताकीद मी पेटीत जपून ठेवली आहे. नेमणुकीच्या कागदाहून मला ती जास्त खरी वाटते. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना नवा आचारी मिळाला, त्याचा रस्सा पातळ असतो असं कारकून सांगतो.

पाळणाघरात सध्या सव्वीस मुलं येतात. चंदाची झबली पुरली नाहीत, अजून दहा हवीत. दूध येतं, त्यात पाणी असतं, त्याबद्दल माझी रोज भांडणं चालू आहेत. अफू बऱ्याच जणींनी सोडली, दोघी अजून लपवून देतात, त्यांना मी ओळखून आहे. मुलं दिवसभर बोंबलतात. माझे कान किटले आहेत.

पण लिहायला बसले ते परवासाठी. दहाच्या सुमारास झिंगू भुकेनं रडायला लागला. मी त्याला दारात घेऊन उभी राहिले. आतापर्यंत बाया पाजायला यायच्या त्या चोरून, मुकादम तिकडे वळला की पळत. कागदावर हक्क होता, अंगात भीती होती. परवा मैनेनं चाळणीवरून मान वर केली, आवाज ओळखला, हातातला दगड खाली ठेवला. पळाली नाही. पदर झटकला आणि मुकादमाच्या समोरून चालत निघाली.

तो ओरडला, "कुठी चालली व?"

ती थांबलीसुद्धा नाही. चालता चालता म्हणाली, "पोराले पाजाले. तुले इचारून नाई चालली, सांगून चालली."

आणि मुकादमानं, रामा, वाटेतली टोपली उचलून बाजूला घेतली.

तुझी बाई,
रुखमा